शिंगांना इंचावर भाव लागला, मग शिकारीत उरलं काय?

मॅडिसनकर
काल दुसऱ्या एका धाग्यात हिलकंट्री यांनी लिहिलं, "अमेरिकेत हरणं उरली ती पैशामुळे. ज्याला मोठा नर हवा त्याने लीजचे पैसे मोजावेत, जुन्या डिअर कॅम्पवाल्यांनी रडणं थांबवावं." लीज म्हणजे शिकारीसाठी खाजगी जमीन भाड्याने घेणं, आणि डिअर कॅम्प म्हणजे सीझनला जमणाऱ्या शिकाऱ्यांचे जुने तळ. मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही, आणि त्या धाग्याचा विषय वेगळा होता म्हणून इथे लिहितो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अख्ख्या अमेरिकेत व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीची हरणं) पाचेक लाखांवर आली होती. कशामुळे? मांस आणि कातडी बाजारात विकणाऱ्यांमुळे. म्हणजे पैशामुळेच! ती सावरली कायद्याने. १९०० चा लेसी कायदा, त्यानंतर राज्याराज्यांतली विक्रीबंदी आणि शेवटी १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के अबकारी कर, तो राज्यांना वाटायचा निम्मा क्षेत्रफळावर आणि निम्मा लायसन्सधारकांच्या संख्येवर. आज हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. हा पैसाही शिकाऱ्यांच्याच खिशातला होता, पण त्याच्या बदल्यात कोणाला ठरावीक नर राखून मिळत नव्हता. लीजचा पैसा फाटकाला कुलूप लावतो. दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका.

कुलूप लागल्यावर काय होतं तेही सांगतो. इलिनॉयच्या पाइक काउंटीसारख्या भागात मोठे नर निघतात हे गाजलं आणि आउटफिटर (पैसे घेऊन शिकारीची सोय करणारे) जमिनी भाड्याने घेऊ लागले. बाहेरून आलेलं गिऱ्हाईक नरासाठी पैसे मोजतं, मादीवर गोळी झाडायला ते आलेलंच नसतं. ज्या स्थानिक माणसाला शेतकरी पूर्वी नुसतं विचारल्यावर आत सोडायचा, तोच फ्रीजरसाठी दोन माद्या मारायचा. तो बाहेर पडला की माद्या वाढतात. नर कितीही मारा, कळप माद्यांवरच ठरतो. मग तोच शेतकरी मका आणि सोयाबीन खाल्लं म्हणून हरणं मारायचा नुकसानीचा परवाना मागतो.

हिलकंट्री
माझं वाक्य उचललंत ते बरं झालं, आता पूर्ण ऐका.

टेक्सासात सुमारे ९५ टक्के जमीन खाजगी आहे. तिथे "विचारून आत जायचं" ही पद्धत फार थोड्या ठिकाणी होती. एडवर्ड्स पठारावर शेळ्या-मेंढ्यांनी जमीन उघडी पाडली होती. लीजचे पैसे यायला लागले तेव्हा मालकाला जनावरं कमी करणं परवडलं. त्या पैशावर रँच अखंड राहतं, नाहीतर त्याचे दहा-दहा एकरांचे तुकडे पडून बंगले उभे राहतात. राज्याच्या मॅनेज्ड लँड्स कार्यक्रमात नाव घातलं की जागेपुरते टॅग (एका टॅगवर एक हरीण) मिळतात, सीझन ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो आणि माद्यांचे टॅगही सोबत येतात. तुमच्या इलिनॉयचं दुखणं टेक्सासला चिकटवू नका.

आणि कॅम्पवाले रया गेली म्हणून रडतात ना, तुमच्याच विस्कॉन्सिनचं बघा. पूर्वी हरीण घेऊन नोंदणीच्या ठिकाणी जावंच लागायचं. बार असो, पेट्रोल पंप असो, तिथे गाव जमायचं, पिकअपमध्ये वाकून नर बघितले जायचे. २०१५ मध्ये राज्याने नोंदणी फोन आणि इंटरनेटवर नेली. ती गर्दी सरकारी सोयीने मोडली. त्यात पैशाचा काय दोष?

मॅडिसनकर
नोंदणीचा मुद्दा बरोबर आहे. तो मी नाकारत नाही. बाकीचं नाकारतो.

तात्या_ओहायो
दोघेही मुळाला हात घालत नाही आहात. मूळ आहे फूटपट्टी.

बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबच्या पद्धतीने एक दहा फाट्यांचा (दांड्यांची दोन टोकं धरून) नर मोजू. आतली रुंदी १८ इंच. मुख्य दांडे २४ आणि २३ १/२. उजवीकडचे फाटे ५, १०, ९, ६, डावीकडचे ४ १/२, ९, ९, ५. प्रत्येक दांड्याचे चार ठिकाणचे घेर मिळून साडेसोळा, दोन्हींचे ३३. बेरीज १५६. आता डाव्या-उजव्यातला फरक वजा करा: दांड्याचा अर्धा, पहिल्या फाट्याचा अर्धा, दुसऱ्याचा १, चौथ्याचा १. एकूण ३. निव्वळ १५३. क्लबच्या विक्रमांच्या पुस्तकात नाव लागायला निदान १६० लागतात, कायमच्या यादीसाठी १७०. धनुष्याने मारला असेल तर धनुष्यवाल्यांच्या पोप अँड यंग क्लबच्या १२५ ला तो सहज बसतो. अधिकृत माप घ्यायच्या आधी शिंगं ६० दिवस खोलीच्या हवेत वाळू द्यायची, कारण ती आटतात.

१९५० मध्ये ही पद्धत आली तेव्हा हेतू होता चांगल्या जनावरांची नोंद ठेवण्याचा. आज रँचच्या दरपत्रकात हेच इंच पायऱ्या म्हणून छापलेले असतात. १४० पर्यंत एक दर, १६० पर्यंत दुसरा, त्यापुढचा वेगळा. गिऱ्हाईक मचाणावर बसल्यावर गाइड दुर्बिणीतून स्कोअर सांगतो. अंदाज दहा इंचांनी चुकला की बिल बदलतं आणि भांडण होतं. म्हणून गाइडचं बोट वर होईपर्यंत गिऱ्हाइकाने सेफ्टी काढायची नाही, असा नियमच असतो. यात शिकारी कोण, तुम्हीच सांगा.

आमच्या ओहायोने तर भाव कायद्यातच आणला. २००८ पासून चोरट्या शिकारीची भरपाई अशी काढतात: एकूण स्कोअरमधून १०० वजा, उरलेल्याचा वर्ग, गुणिले १.६५ डॉलर. सव्वाशे इंचांच्या वरच्या नरांना हे लागू. वरच्या १५६ च्या नराचे होतात ५,१७४ डॉलर. दोनशेच्या नराचे १६,५००.

रानभूल
दंड मोठा आहे हे चांगलंच आहे. त्यात वाईट काय?

तात्या_ओहायो
दंड हवाच. पण आठ फाट्यांचा साधा नर आणि दोनशे इंची नर, दोघेही जनतेच्याच मालकीचे आहेत. राज्यच त्यांच्यात इतका फरक करत असेल तर खाजगी रँचला कुठल्या तोंडाने बोलायचं? यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मला ते टोचतं.

गावठी
स्पर्धांबद्दल कोणीच बोलत नाही? टेक्सासात फ्रीअर गावची 'मुई ग्रांदे' १९६५ पासून चालू आहे. नाव नोंदवायचं, सीझनभर नर आणायचे, मोजायचे, बक्षीस. गावाचा उत्सव म्हणून माझा तिला विरोध नाही. विरोध आहे तो पुढे जे आलं त्याला. मोबाइल नेटवर्कवर फोटो पाठवणारे कॅमेरे मक्याच्या ढिगावर लावायचे आणि फोनवर नर दिसला की तासाभरात मचाणावर पोचायचं. बून अँड क्रॉकेटसुद्धा अशा थेट फोटोच्या मदतीने मारलेला नर पुस्तकात घेत नाही. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेराच बंद केला.

रानभूल
कॅमेरा नंतर. आधी तो मका! इतकी वर्षं लोक लिहितात आणि मका मात्र कोणी सोडत नाही.

फीडर म्हणजे काय? ५५ गॅलनचा ड्रम, तीन पाय, खाली मोटरवर फिरणारी चकती, बॅटरी, टायमर. ड्रममध्ये साधारण साडेतीनशे पौंड मका मावतो. टायमर उजाडल्यावर आणि मावळतीआधी काही सेकंद चकती फिरवतो. बिघडतं कुठे? झाकणातून ओल शिरली की नरसाळ्यात दाण्याचा गोळा होतो, मोटर फिरते पण दाणा पडत नाही. आत बुरशी येते. बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष. टेक्सासात वन्यप्राण्यांच्या खाद्याला २० पीपीबीची (अब्ज भागांत वीस) मर्यादा आहे, पण ती पोत्यावरच्या लेबलला. ड्रममध्ये पंधरा दिवस भिजलेल्या मक्याला कोण तपासतंय? टर्की आणि लावे त्यानेच मरतात.

हिवाळ्यात अचानक मका टाकला तर हरणाचं काय होतं? त्याच्या पोटातले जीवाणू तेव्हा काड्या-कोंब पचवायला बसलेले असतात. एकदम पिठूळ खाणं आलं की लॅक्टिक आम्ल वाढतं, रूमेनचा (पोटाच्या पहिल्या कप्प्याचा) सामू कोसळतो, एक-दोन दिवसांत जनावर पोट भरलेलं असताना मरतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के. शिंगांना हवी सोळाच्या वर. म्हणजे ज्या शिंगांसाठी हा खटाटोप, त्यांना मका फारसा उपयोगीही नाही. तो फक्त जनावर बंदुकीसमोर आणायला!

हिलकंट्री
अर्धी माहिती देऊन भीती पसरवू नका. नीट चालवणारा माणूस सीझन संपल्यावर वेगळ्या फीडरमध्ये १६ ते २० टक्के प्रथिनांच्या गोळ्या भरतो, कारण शिंगं वसंतापासून उन्हाळाभर वाढतात. नरसाळं दर भरणीला मोकळं करतो. डुकरं शिरू नयेत म्हणून भोवती जाळीचं कुंपण घालतो, हरीण त्यावरून उडी मारतं. आमच्याकडे झुडपं इतकी दाट की दाणा टाकल्याशिवाय माद्यांचा टॅगही पुरा होत नाही. पेनसिल्वेनियाच्या मोकळ्या ओकच्या रानात बसून आम्हाला शिकवू नका.

रानभूल
झुडपं दाट म्हणून रोग थांबतो का? मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ नंतर हरणांत गाईंचा क्षय सापडत गेला, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं ते खाद्याच्या ढिगांवरच. तोंडाला तोंड लागतं, लाळ त्याच दाण्यावर. सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग. त्याचे प्रायॉन, म्हणजे बिघडलेली प्रथिनं, लाळेत, मूत्रात, लेंडीत असतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तुमचं जाळीचं कुंपण डुकराला अडवतं, प्रायॉनला नाही!

हिलकंट्री
आणि पाणवठ्यावर तोंडं लागत नाहीत? ओकखाली पडलेल्या फळांवर लागत नाहीत? हरीण कळपात राहणारा प्राणी आहे. फीडर काढले की रोग थांबला असं एक राज्य दाखवा.

गावठी
थांबला कोणीच म्हटलेलं नाही. वेग कमी ठेवणं एवढंच हातात आहे, आणि तेही तुम्हाला नकोय.

पण रोग पसरायची खरी वाट फीडरपेक्षा हरणं वाहून नेणाऱ्या ट्रेलरची आहे. सीडब्ल्यूडी पहिल्यांदा ओळखला गेला १९६७ मध्ये कोलोरॅडोत, बंदिस्त हरणांतच. टेक्सासात २०१२ मध्ये रानटी म्यूल डिअर जातीच्या हरणांत सापडला आणि २०१५ मध्ये मेडिना काउंटीतल्या एका ब्रीडरच्या (हरणं पाळून विकणाऱ्याच्या) व्हाइटटेलमध्ये. कानात टॅग लावलेला नर या कुंपणातून त्या कुंपणात शेकडो मैल जातो. रोगाची लक्षणं दिसायला दीड वर्ष आणि त्याहून जास्त लागतं, तोवर तो विकून झालेला असतो. आठ फूट कुंपणामागच्या या नरांना बून अँड क्रॉकेट पुस्तकात घेत नाही, तरी त्यांना गिऱ्हाईक मिळतं. आता तर रोगाला कमी बळी पडणारी जनुकं निवडून पैदास चालू आहे. म्हणजे रोग जिथून पसरला तेच औषधही विकणार.

आणि ब्रीडर ज्याला "माझी हरणं" म्हणतो ती त्याची नाहीत. टेक्सासच्या अपील कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की परवान्यावर पाळलेली व्हाइटटेलही जनतेचीच.

सुलभा_पी
शिकारीतलं मला कळत नाही, पण टेक्सासच्या रँचच्या जाहिरातीत आपलं चितळ आणि काळवीट दरासकट बघून संताप आला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ज्यांना हात लावता येत नाही, ते तिथे बारा महिने विकायला!

हिलकंट्री
सुलभाताई, चितळं तिथे १९३२ पासून आहेत, आणि राज्याच्या लेखी ती परकी. म्हणून सीझन नाही, संख्येची मर्यादा नाही. शिंगं गळायचा ठरलेला महिनाही नाही, त्यामुळे वर्षभर कुठला ना कुठला नर पूर्ण शिंगांचा असतोच. चितळ गवतही खातं आणि पालाही, व्हाइटटेलचा पाला संपवतं, म्हणून मारावंच लागतं. निरीक्षकासमोर मारलेल्या चितळाचं मांस हॉटेलांना कायदेशीर विकताही येतं. व्हाइटटेलचं येत नाही.

आणि १९७२ आधी आपल्याकडेही वनखात्याचे शूटिंग ब्लॉक पैसे भरूनच मिळत होते, शिकार कंपन्या परदेशी गिऱ्हाईक आणत होत्या. तेव्हा संताप वाटून घ्या.

सुलभा_पी
तेही वाईटच होतं. म्हणून तर कायदा आला.

मॅडिसनकर
मक्यावरच धागा संपणार असं दिसतंय, म्हणून परत मुद्द्यावर येतो. पैसा वाईट असं माझं म्हणणं नव्हतंच. कॅन्ससचं राज्य १९९५ पासून खाजगी जमीन भाड्याने घेतं आणि सर्वांना चालत आत जाऊ देतं. तोही लीजच, पण पैसा फाटक उघडतो. हिलकंट्री, तुमच्या लीजवाल्यांनी माद्या माराव्यात यासाठी करारात नेमकं काय लिहिता? "कार्यक्रमात टॅग मिळतात" हे उत्तर नाही. मिळालेले टॅग खुंटीला लटकलेले असतात हे तुम्हालाही माहीत आहे.

हिलकंट्री
काही लीजवर लटकतात, मान्य. सगळ्या नाही. ज्यांना खरंच हवं आहे ते करारात अट घालतात: माणशी दोन माद्या आधी, मग नराचा टॅग हातात.

मॅडिसनकर
म्हणजे विस्कॉन्सिनचं 'अर्न-अ-बक'! १९९६ मध्ये राज्याने आणलं, चाललं, शिकाऱ्यांनीच आरडाओरडा केला आणि २०११ मध्ये विधिमंडळाने बंद केलं. सार्वजनिक रानात जे राजकारण्यांना झेपलं नाही ते तुमच्या कुलपामागे होऊ शकतं, एवढं मी देतो तुम्हाला. पण मोजणार कोण? लीजचा मुख्य माणूसच वहीत आकडा लिहितो.

रानभूल
वही नको, जबडे ठेवा. प्रत्येक हरणाचा खालचा जबडा, त्याला तारीख आणि टॅग नंबरची चिठ्ठी. तिसरी पुढची दाढ तीन टोकांची असेल तर जनावर दीड वर्षाचं किंवा त्याहून लहान, दोन टोकांची नवी आली असेल तर त्याहून मोठं. माद्यांचे जबडे कमी भरले की खोटं लगेच दिसतं. आणि डोकं मानेच्या तीन-चार इंचांसकट बर्फात ठेवून घशामागच्या लसिकाग्रंथींच्या तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून ठेवा. शिजवून प्रायॉन मरत नाही. स्टीलच्या सुऱ्या घासून घ्यायच्या आणि मग घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं. हाडाच्या सांदीत घातलेली लाकडी मुठीची सुरी त्याने साफ होत नाही, ती टाकून द्यायची.

हिलकंट्री
जबड्यांची अट पुढच्या करारात घालतो. फीडर काढणार नाही.

रानभूल
मग निदान एकाचे चार करा आणि दाणा विखरून टाका. एका ढिगावर पंधरा तोंडं नकोत.