प्रश्न: परदेशी जाताना फॉरेक्स कार्ड (आधीच परकी चलन भरून ठेवलेलं कार्ड) घेतलं की बाकी काही लागत नाही का?

उत्तर: लागतं. हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला फॉरेक्स कार्ड देऊ नका. हॉटेल आणि गाडीवाले रक्कम अडवून ठेवतात, आणि सोडली तरी कार्डावर परत दिसायला कधीकधी आठवडे जातात. तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. तिथे क्रेडिट कार्ड द्या. त्याचा आंतरराष्ट्रीय वापर बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्याआधीच सुरू करा, नव्या कार्डांवर तो बंदच असतो. पिनही पाठ हवा.

खरी गोम दुकानातल्या कार्ड मशीनवरच्या प्रश्नात आहे: ‘रुपयांत भरायचे की युरोत?’ रुपये ओळखीचे वाटतात म्हणून लोक तेच दाबतात आणि दुकानदाराच्या बँकेचा महाग दर गळ्यात पडतो. नेहमी स्थानिक चलन निवडा. एटीएमवर ‘कन्व्हर्जन’ विचारलं तर डिक्लाइन करा. व्यवहार रद्द होत नाही, फक्त त्यांचा दर नाकारला जातो.

साध्या क्रेडिट कार्डावर मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) बहुधा ३.५% आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे १०,००० रुपयांमागे ४१३. मार्कअप नसलेलं कार्ड मिळालं तर उत्तमच.

ओटीपीसाठी भारतीय सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग चालू, डेटा बंद.

पुण्याहून मुंबई विमानतळाचं टी-२ (टर्मिनल २) गाठताना वेळेचा हिशोब उलटा करा. बऱ्याच विमान कंपन्यांचे चेक-इन काउंटर उड्डाणाआधी ६० मिनिटांनी बंद होतात, आणि शनिवार-रविवारी खंडाळ्याचा घाट कुणाचंच ऐकत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.