नकार आला म्हणून पोरीनं अर्जच करायचा नाही? (कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा)

औसेकर
परवा इथं ‘गोदाकाठ’ यांनी लिहिलं होतं : "नवरा कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) असेल तर बायकोनं व्हिजिटर व्हिसाच्या नादी लागू नये. एकदा नकार आला की प्रत्येक नवा अर्ज फाईल आणखी बिघडवतो. स्पॉन्सरशिप (नवऱ्यानं बायकोला पीआर मिळावा म्हणून केलेला अर्ज) होईपर्यंत सासरी गुमान राहावं." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहायलोय.

माझी बहीण लातूरला सासरी असते, भाऊजी कॅनडात ब्रॅम्प्टनला ट्रक चालवतात. लग्न झालं, रजा संपली, ते गेले. तेव्हापासून अर्ज चालू आहेत आणि नकारही. पत्रात दर वेळी तेच : मुदत संपल्यावर तुम्ही देश सोडाल याची खात्री पटत नाही, नियम १७९(बी). कारणं दोन. नवरा तिकडं आहे, आणि हिची आर्थिक स्थिती. अहो, नवरा तिकडं आहे म्हणून तर जायचंय!

कॅनडाच्याच इमिग्रेशन कायद्यात कलम २२(२) आहे. पुढं कायमचं राहायचा विचार असला तरी तेवढ्यावरून तात्पुरतं येणं अडत नाही, मुदतीत परत जाईल एवढं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. स्पॉन्सरशिप चालू असलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर व्हिसा लवकर निकाली काढू, असं २०२३ मध्ये तिथल्या मंत्र्यांनी जाहीर केलंय. कायदा वाट ठेवतोय आणि आपण आपल्याच लेकीला गप बस म्हणायचं?

भाऊजींनीच इकडं येऊन राहावं म्हणणाऱ्यांसाठी : बायकोला स्पॉन्सर करताना पीआरवाल्याला कॅनडातच राहावं लागतं. बाहेर राहून स्पॉन्सर करायची सवलत नागरिकाला आहे.

गोदाकाठ
लिहिलं मीच, आणि आजही तेच म्हणतो. माझ्या पुतण्याच्या बायकोला नकार आला. एका एजंटानं गाठलं. कुणाचे तरी पैसे महिनाभर तिच्या खात्यात फिरवले, नोकरीचं पत्र स्वतःच छापलं. पत्र खोटं निघालं. खोट्या माहितीबद्दलचं कलम ४०, पाच वर्षं बंदी. तेवढ्या काळात पीआरचा अर्जसुद्धा करता येत नाही. घाई केली नसती तर पोरगी एव्हाना नवऱ्याजवळ असती. तुम्ही कलमं सांगायलात, मी घरातलं रडणं सांगायलोय.

नांदेडची लेक
काका, वाईट झालं. पण तो दोष खोट्या कागदाचा आहे, पुन्हा अर्ज करण्याचा नाही. दोन्ही एकात कालवू नका.

मी स्वतः यातून गेलेय. माझ्या आधीच्या फाईलमध्ये एजंटानं नायगारा, टोरांटो असा फिरायचा कार्यक्रम घातला होता. स्पॉन्सरशिपचं लिहूच देईना. "ते कळलं की देत नाहीत" म्हणायचा. स्पॉन्सरशिपचा अर्ज त्याच खात्याकडं केलेला, त्यांना दिसणार नाही का? शेवटी मिस्टरांनी तिकडून ५ डॉलर भरून माहितीच्या अधिकारात अधिकाऱ्याच्या नोंदी मागवल्या. जीसीएमएस नोट्स म्हणतात त्याला. माझ्या नकाराच्या पत्रात ठरावीक ओळी होत्या, अधिकाऱ्यानं खरा विचार काय केला ते नोंदीत होतं. माझ्या नोंदीत होतं : आधी परदेश प्रवास नाही, भेटीचं कारण पटत नाही, परत येण्यासारखं मागं काही दिसत नाही.

मग फिरणं-बिरणं काढून टाकलं. सरळ लिहिलं : नवऱ्याला भेटायला जातेय, स्पॉन्सरशिप चालू आहे, ही त्याची पोच. उन्हाळी सुट्टीत जाणार, शाळा उघडायच्या आत येणार. मी शिकवते त्या संस्थेचं पत्र, पगाराचं खातं, आणि माहेरच्या शेतीत माझं नाव असलेला सातबारा, इंग्रजी भाषांतरासकट. मिळाला व्हिसा.

औसेकर दादा, ताईंच्या नावावर काय दाखवलंत?

औसेकर
तिच्या सासऱ्यांचा सातबारा लावला. पाण्याखालची जमीन आहे.

बिंदुसरा
आणि माहेरची?

औसेकर
लग्नाआधी हक्कसोड करून दिलं तिनं. राजीखुशीनं. लग्नाचा सगळा खर्च आम्हीच केलाय.

बिंदुसरा
हे घ्या. सापडलं कारण. राज्यानं १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, केंद्रानं २००५ ला दिला. २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायदा बदलला तेव्हा बाप जिवंत असो-नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आणि आमच्याकडं मुलीच्या हळदीआधी रजिस्ट्री ऑफिसची गाडी दारात उभी! आत्यांनी सह्या केल्या, आईनं केली. मलाही बोलावणं आलं. मी नाही केली, तेव्हापासून भाऊ राखीला येत नाही. "राजीखुशी" मला शिकवू नका. तिकडचा अधिकारी विचारतोय, हिचं मागं काय आहे? तुम्हीच काही ठेवलं नाही, त्याला काय बोलायचं!

औसेकर
मी व्हिसाचं बोलायलोय, तुम्ही माझ्या घरात शिरायलात. वडिलांच्या आजारपणाचं कर्ज कुणी फेडलं? सोयाबीन पाण्यात गेलं तेव्हा बँकेच्या नोटिसा कुणाच्या नावानं आल्या? ताईनं कधी एक शब्द काढला नाही, तुम्हाला कशाचा पुळका?

देवणीवाला
बरोबर आहे दादांचं. वाटून वाटून जमीन गुंठ्यावर आलीय. बहिणींना दिली तर तुकडेबंदीत (फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या कायद्यात) अडकते.

वकीलसाहेब परभणी
देवणीवाले, सामाईक खात्यात नाव लावायला तुकडा पाडावा लागत नाही. वारसाचं नाव फेरफारानं लागतं, कसणारा कसतो. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला तर १९९२ पासून लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ती मोहीम मराठवाड्यातही चालवली होती, इथल्या किती जणांनी घरी अमलात आणली?

पण बिंदुसराताई, सातबारा म्हणजे व्हिसा नव्हे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात नाव लावून काही होत नाही, फेरफारावर तारीख असते आणि अधिकारी ती वाचतो. शिवाय व्हिजिटर नकाराला अपील नाही. कॅनडाच्या फेडरल कोर्टात दाद मागायच्या परवानगीचा अर्ज करता येतो, नकार कॅनडाबाहेर कळला तर ६० दिवसांत. तिथंही कोर्ट व्हिसा देत नाही, निर्णय चुकीचा वाटला तर फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडं पाठवतं.

गोदाकाठ
नोंदी मागवल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नये, एवढं मान्य करतो. बाकी नाही. ही लेक शिक्षिका आहे, तिला संस्था पत्र देते. घरात राबणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या पोरीला कोण पत्र देणार? दर वेळी १०० डॉलर फी कुणाच्या खिशातून जाते?

नांदेडची लेक
हे खरं आहे काका, माझं मास्तरकीमुळं सोपं गेलं. तरी माझी जाऊ घरीच असते आणि तिलाही मिळाला. मुक्काम थोडा मागितला. सहा महिने देतात म्हणून सहा महिने मागितले नाहीत. नवऱ्यानं राहण्या-खाण्याचा खर्च आपल्या पगाराच्या कागदांसह दाखवला. मागं लेकरू सासूबाईंजवळ होतं, तेही लिहिलं. आणि नवरा कितीदा इकडं येऊन गेला, त्याची तिकिटं जोडली. फुकट जाणारी फी कोणती? जुनीच फाईल तारीख बदलून पाठवतात ती.

औसेकर
आमची फाईल दर वेळी सारखीच गेली, हे एजंटानं आम्हाला सांगितलं नव्हतं. भाऊजींना नोंदी मागवायला सांगतो आणि त्या हातात आल्यावरच पुढचा अर्ज करतो. स्पॉन्सरशिपची पोच वर लावतो. पण अर्ज थांबणार नाही, हे गोदाकाठ यांनी लक्षात ठेवावं. हक्कसोडाचा विषय मात्र या धाग्यात परत नको.

बिंदुसरा
काढणार. ताईचं नाव सातबाऱ्यावर कधी लावताय ते लिहा, मग थांबते.