मदत हवी आहे: हिब्रू सेगोल-नामांचा मूळ स्वर ओळखायचा कसा?

मंडळी, तिबेरियन स्वरचिन्हांसह (व्यंजनांना जोडलेल्या टिंबा-रेघांसह) बायबलातली स्तोत्रसंहिता हिब्रूत वाचतोय आणि 'मेलेख'सारख्या नामांवर, म्हणजे सेगोल-नामांवर अडलोय. पहिल्या दोन्ही अक्षरांखाली सेगोल, म्हणजे तीन टिंबांचं 'ए'चं स्वरचिन्ह. पण 'माझा' अर्थाचा प्रत्यय लागला की वाटा फुटतात: मेलेख–मल्की (राजा), एरेत्स–अर्त्सी (भूमी), पण केवेर–किव्री (कबर), त्सेदेक–त्सिद्की (नीती). सेफेर–सिफ्री (पुस्तक) आणि कोदेश–कोद्शी (पवित्रता) त्रास देत नाहीत, तिथे पहिल्या स्वराचं चिन्हच वेगळं दिसतं. (आपल्या बायबलातल्या 'मलकीसदेक' या नावात यातले दोन शब्द एकत्र सापडतात, तो मात्र बोनस.)

कत्ल, कित्ल, कुत्ल हे अशा नामांचे तीन जुने साचे (मूळ स्वर अ, इ, उ) माहीत आहेत. अनेकवचन पाहिलं, उपयोग नाही; मेलाखीम, केवारीम सगळे एका माळेचे. अरबीशी ताडलं तर सिद्क त्सिद्कीशी जुळतं, पण कब्रमध्ये 'अ' असताना हिब्रूत किव्री का? मग विरामातली, म्हणजे वाक्यात थांबण्याच्या जागी येणारी रूपं पाहिली. गणना 19:16 मध्ये 'कावेर' आहे, म्हणजे तिथे 'अ' डोकावतो. एरेत्सचंही आरेत्स होतं. मल्कीवाला मेलेख मात्र विरामातही मेलेखच! इथे डोकं बंद पडलं.

शब्दकोशात एकेक रूप बघता येतं, ते सांगू नका. आधुनिक उच्चारही नकोत, प्रश्न फक्त बायबलकालीन हिब्रूचा आहे. अरबी मला जेमतेम येते.

किव्रीतला 'इ' हा मूळ 'अ'चा नंतर झालेला बदल धरायचा का? आणि तसं असेल, तर कोणत्या व्यंजनांशेजारी तो होतो आणि मल्कीत का होत नाही, याचा काही नियम आहे का?