गाडी वॉरंटीत शोरूमला पडली, खेड्यात तोवर निभवायचं कसं? (अनुभव धागा)

काळीमाती:
काल फाट्यावरून एक नवीकोरी गाडी टोइंगवर चढून अमरावतीकडं जाताना दिसली, अन् हा जुना विषय आठवला. शोरूम जिल्ह्याला, आपण तालुक्याच्याही पुढं. सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगतो. गाडी धड चालत असेल तर पार्ट येईपर्यंत तिथं सोडू नका. ट्रायल देऊन तक्रार दाखवा, जॉब कार्ड (शोरूमची दुरुस्तीची नोंद-पावती) बनवा, चेसिस नंबरवर पार्ट मागवायला लावा, ऑर्डर नंबर लिहून घ्या अन् गाडी घरी आणा. पार्ट हातात आल्याचा फोन आला की मगच न्या. बहुतेक कामं दिवसाभराची असतात, बाकी सगळे दिवस पार्टची अन् कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्यात जातात. ब्रेक, स्टेअरिंग, ऑइलचा लाल दिवा, चढलेलं टेंपरेचर यात मात्र ही युक्ती नाही. तिथं गाडी जागेवरच बंद करा. तुमच्याकडं कसं करतात ते लिहा.

संत्राबाग:
जॉब कार्डावर 'जनरल चेकअप' लिहू देऊ नका. "थंड इंजिन, तिसरा गियर, चढावर खरखर" असं नेमकं लिहायला लावा, नाहीतर 'दोष आढळला नाही' म्हणून गाडी परत येते अन् दोन्ही खेटे वाया. किलोमीटर, डिझेलचा काटा, स्टेपनी, जॅक यांचे फोटो काढा. वॉरंटी संपत आली असेल तर तारखेच्या आत जॉब कार्ड बनलंच पाहिजे, पार्ट नंतर येवो.

वऱ्हाडी_ताई:
त्यायले दुसरी गाडी मागता येते का हो भाऊ, तोवर वापराले?

संत्राबाग:
मागून पाहा ताई, पण वॉरंटीच्या पुस्तकात ते सहसा नसतं. उलट गाडी बंद असताना झालेलं भाडं, बुडालेली मजुरी मिळणार नाही असंच छापलेलं असतं. विम्यात 'डेली अलाउन्स' (गाडी दुरुस्तीत असताना रोजचे ठरलेले पैसे) असेल तर तो बहुतेक अपघाताच्या क्लेमलाच लागतो, वॉरंटीच्या कामाला नाही. अन् उंदरानं वायरिंग कुरतडलं तर ते वॉरंटीतच येत नाही. सोयाबीन घरात आलं की बोनेट उघडून पाहत जा.

मुक्कामी_गाडी:
एसटीचं सांगतो. गावात मुक्कामी गाडी असेल तर सगळं गणित तिच्यावर बसवा. पहाटे निघते, तालुक्याला जिल्ह्याची पहिली गाडी मिळते, दुपारपर्यंत काम आटोपतं. मानव विकासच्या निळ्या गाड्या शाळेच्या वेळेवर चालतात, म्हणून रविवारी अन् सुट्टीत त्यांच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की फेरी मधूनच परत फिरते. निघायच्या आधी डेपोच्या कंट्रोलला फोन करा.
बायांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, 65 च्या वर अर्धं, 75 च्या वर फुकट. आधार कार्ड सोबत ठेवा. रोज जाणं असेल तर मासिक पास काढा, 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस.

मूर्तिजापूरकर:
आपली शकुंतला रेल्वे चालू असती तर यवतमाळ, अचलपूरवाल्यांना इतकं अडलं नसतं. 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली, अन् आता रूळ गवतात गेले. विषय सोडून लिहिलं, पण लय वाईट वाटते.

वऱ्हाडी_ताई:
हाव ना बाप्पा. आमच्या आजीचं माहेरपण त्याच गाडीनं होतं.

धुरा_बांध:
गावातल्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला पैसे देऊन नेऊ नका. भाड्यानं चालवलेली खासगी गाडी अपघातात सापडली की विमा कंपनी हात वर करते. भाडं द्यायचं तर पिवळ्या पाटीची गाडी पाहा. ठरवताना जाऊन-येऊन किती, थांबायचे किती, टोल कोणाचा, हे तिन्ही आधीच बोला. रिकामी परत जाणारी गाडी असेल तर स्वस्तात पडते, तालुक्याच्या स्टँडवर विचारा.

पऱ्हाटी:
युरियाची बॅग 45 किलोची, मोटारसायकलवर येते. पण पार मागं कॅरिअरवर बांधली की पुढचं चाक हलकं होतं, पांदणीच्या चिखलात हँडल ऐकत नाही. सीटवर, पाठीला टेकून आडवी ठेवा. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी, दोरी ढिली पडते. सायलेन्सरच्या बाजूला बॅगचं टोक लोंबू देऊ नका, प्लास्टिक चिकटून भोक पडतं अन् खत रस्ताभर सांडतं. चार-पाच बॅगा असतील तर दोघा-तिघांनी मिळून छोटा हत्ती करा.

काळीमाती:
रात्रीच्या दवाखान्याचंही लिहा कोणी.

मुक्कामी_गाडी:
108. कॉल पुण्याच्या केंद्रात लागतो, म्हणून गावाचं नुसतं नाव पुरत नाही, एका नावाची दहा गावं आहेत. जिल्हा, तालुका, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, डांबरी रस्त्यावरची खूण, या क्रमानं सांगा अन् तो फोन मोकळा ठेवा. पांदण खराब असेल तर पेशंटला ट्रॅक्टरनं किंवा बंडीनं डांबरी रस्त्यापर्यंत आणता येतं का पाहा, हलवण्यासारखा नसेल तर कॉलवरच विचारा. बाळंतपणाला 102. ठरलेल्या डायलिसिसला 108 नाही, ती तातडीसाठी आहे. त्यासाठी आठवड्याची गाडी आधीच बांधून ठेवा.

संत्राबाग:
टोइंगचं राहिलं. फुकट किलोमीटरची मर्यादा असते, पुढचे पैसे आपले. नंबर लावतानाच "इथून शोरूम किती, त्यातले फुकट किती" विचारा. ऑटोमॅटिक गाडीला टोचन लावून ओढू नका, गियरबॉक्स जातो. फ्लॅटबेडच मागवा.

धुरा_बांध:
अन् महिना-महिना नुसतं "पार्ट येऊन राहिला" ऐकायला मिळालं तर कंपनीला ईमेल करा, जॉब कार्ड जोडून. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. त्यानंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत 2 वर्षं. 5 लाखांपर्यंत किंमत असेल तर फी नाही, 5 ते 10 लाखांना 200 रुपये. फोनवरचं बोलणं तिथं टिकत नाही, कागद टिकतो.

वऱ्हाडी_ताई:
पऱ्हाटी भाऊ, ट्यूबची पट्टी किती लांब लागते?

पऱ्हाटी:
मोटारसायकलची अख्खी ट्यूब मधून कापली की एका बॅगेला दोन वेढे बसतात ताई. ट्रॅक्टरची नका घेऊ, जाड असते, गाठ बसत नाही.