अडकलेल्या बिलांसाठी ट्रेड्स
लहान कारखाना चालवताना मदतीसाठी सल्लागार नेमावा की उद्योजक संघटनेत जावं, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. माझ्या मते लहान कारखानदाराला आधी आधार हवा तो अडकलेल्या पैशासाठी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असला तरी बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. नाहीतर गिऱ्हाइकाला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण तक्रार करून पुढची ऑर्डर कोण घालवेल? म्हणून ट्रेड्स (TReDS), म्हणजे बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ, जास्त कामाचं वाटतं. गिऱ्हाइकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, आणि त्याने पुढे थकवलं तरी वसुली आपल्याकडून होत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तुमचं गिऱ्हाईक तिथे आहे का, हे त्यांच्या परचेसवाल्यांना (खरेदी विभागाला) जरूर विचारा. आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र आधी करून घ्या.