किडनी किती वर्षं टिकेल हे रक्तातून कळतं का? (मदत हवी आहे, लवकर)

धांदरट: बाबांचं क्रिएटिनिन (किडनी गाळते तो रक्तातला कचरा) १.९ आलंय, मागच्या वर्षी १.६ होतं. डायलिसिसची वेळ कधी येईल हे सांगणारी रक्ताची एखादी नवी चाचणी आहे म्हणे. नाव सांगा, उद्याच करून घेतो. कृपया "डॉक्टरांना विचारा" नको.

पिंगळा: वय? मधुमेह? बीपी? नुसत्या १.९ वरून ज्योतिषीच सांगेल.

धांदरट: ५८. मधुमेह आहेच की.

लॅबवाला: "आहेच की" आम्हाला कसं कळणार? ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज, ४० च्या आसपास येतोय; किडनीच्या आजाराचा टप्पा ३ब. लघवीतला एसीआर (क्रिएटिनिनच्या तुलनेत अल्ब्युमिन हे प्रथिन किती गळतंय) किती?

धांदरट: मी रक्ताचं विचारतोय.

नीलमोहर: सिस्टॅटिन सी करा (रक्तातलं प्रथिन, त्यावरूनही किडनीचं काम कळतं), बाकी सगळं सोडा. क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. माझे सासरे काटकुळे, क्रिएटिनिन कायम झकास दिसायचं. सिस्टॅटिनने पितळ उघडं पाडलं.

लॅबवाला: थायरॉइड बिघडला, स्टिरॉइड चालू असलं की तेही फसवतं. आणि किडनी आज किती चालतेय ते जास्त नेमकं कळेल, पण पुढचा अंदाज एकट्या त्यावर बांधता येत नाही. २०११ साली तांगरी या किडनीतज्ज्ञांच्या गटाने जे गणित मांडलं त्यात चारच गोष्टी लागतात: वय, लिंग, ईजीएफआर, एसीआर. त्यातून २ आणि ५ वर्षांत किडनी निकामी होण्याचा धोका टक्क्यांत निघतो.

नीलमोहर: म्हणजे सिस्टॅटिन फालतू?

लॅबवाला: असं कुठे म्हटलं मी?

आबा७२: मला ९ मिमीचा खडा होता. भरपूर पाणी प्यायलो, पडला.

पिंगळा: आबा, इथे खड्याचा विषय नाही.

रात्रपाळी: धागाकर्त्याने ऐकलेली चाचणी बहुधा टीएनएफआर-१, टीएनएफआर-२ आणि किम-१ या रक्तातल्या प्रथिनांवरची. टाइप २ मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्यांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-चाचण्यांना मंजुरी देणारी संस्था) तशी एक मंजूर केली. तीसुद्धा धोका कमी, मध्यम की जास्त एवढंच सांगते. तारीख नाही सांगत.

धांदरट: हीच! कुठे होते?

रात्रपाळी: अहो, तीही एसीआर मागतेच. बरं, गोळ्या कोणत्या चालू आहेत?

धांदरट: नेहमीच्याच. टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) गेल्या महिन्यात सुरू झाली.

पिंगळा: हे आत्ता सांगताय!! या गोळीने सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. १.६ वरून १.९ म्हणजे १९ टक्केच. गोळीच्या आधीचं क्रिएटिनिन शोधा. आणि घाबरून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

नीलमोहर: तरी सिस्टॅटिन कराच.

धांदरट: जुन्या फाइलमध्ये एसीआर सापडला. ४७. आता सांगा.

लॅबवाला: एकक? मिग्रॅ/ग्रॅम असेल तर गळतीचा मधला गट. मिग्रॅ/मिलिमोल असेल तर तेच ४१५ च्या घरात जातं, म्हणजे सगळ्यात वरचा.

धांदरट: नुसतं ४७ लिहून घेतलंय. फाइल बाबांच्या कपाटात, आणि ते झोपलेत.