मत्तयाची दोन गाढवं

पाचूबंदर :

दर तीन वर्षांनी आमच्या चर्चमध्ये मत्तयाचं वर्ष येतं (मत्तय म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानकारांपैकी एक) आणि झावळ्यांच्या रविवारी, येशू गाढवावर बसून यरुशलेमात शिरला त्या मिरवणुकीचा त्याचा उतारा वाचला जातो. लहानपणी तो ऐकताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न असायचा. येशू एकाच वेळी दोन गाढवांवर बसला कसा? एक पाय गाढवीवर, दुसरा शिंगरावर, सर्कशीतल्यासारखा? आईला विचारलं तर तिने हातातल्या झावळीचाच फटका दिला.

बाकीचे तीन शुभवर्तमानकार मार्क, लूक आणि योहान यांच्याकडे एकच जनावर आहे. मत्तयाकडे (अध्याय २१) गाढवी आणि तिचं शिंगरू अशी दोन आहेत. शिष्य 'त्यांच्यावर' वस्त्रं टाकतात आणि येशू 'त्यांच्यावर' बसतो. हे दुसरं जनावर आलं जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातून. सियोनचा, म्हणजे यरुशलेमचा, राजा नम्रपणे येतो, 'गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर' बसून. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोनदा सांगायची रीत आहे, तशी ही ओळ. आपण 'रंजले-गांजले' म्हणतो तेव्हा रंजलेल्यांची एक रांग आणि गांजलेल्यांची दुसरी लावत नाही. मत्तयाने मात्र दोन रांगा लावल्या.

माझं म्हणणं असं की ही चूक नाही, ही त्याची पद्धत आहे. 'संदेष्ट्याच्या द्वारे जे सांगितले ते पूर्ण व्हावे म्हणून हे झाले' हे पालुपद तो जवळपास दहा ठिकाणी लावतो आणि आपण ते पंचांगातलं भविष्य खरं ठरल्यासारखं वाचतो. पण होशेय संदेष्ट्याचा अकरावा अध्याय घ्या. 'मी माझ्या पुत्राला मिसरातून बोलावले' ही ओळ भविष्य नाहीच, ती जुनी आठवण आहे. मिसर म्हणजे इजिप्त, पुत्र म्हणजे इस्राएल लोक, आणि लगेच पुढची तक्रार अशी की हा पुत्र बआल या परक्या देवाच्या मूर्तींच्या मागे लागला. भाकितं शोधणारा माणूस असली ओळ कशाला निवडेल?

मत्तयाला सांगायचंय की सगळ्या इस्राएलची गोष्ट या एका माणसाच्या आयुष्यातून पुन्हा वाहते आहे. मिसरच्या फारो राजाने इस्राएलांची बाळं मारली, इथे हेरोद राजा मारतो. इस्राएल लोकांची रानात चाळीस वर्षं होती, इथे येशूचे चाळीस दिवस आहेत. तिथे मोहात पाडणाऱ्या सैतानाला येशूने दिलेली तिन्ही उत्तरं अनुवाद या मोशेच्या पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. मग मोशेसारखी डोंगरावर चढून शिकवण. कीर्तनकार आख्यान लावतो तसं हे लावलंय.

हाणा आता.

तर्ककर्कश :

'पद्धत' हा फार सभ्य शब्द झाला. सरळ म्हणा की पोथी समोर ठेवून प्रसंग रचले. जुन्या करारातला संदेष्टा अलीशा २० भाकरींत १०० माणसं जेवू घालतो आणि वर अन्न उरतं (दुसरे राजे, अध्याय ४). येशू ५ भाकरी आणि २ माशांत ५००० पुरुष जेवू घालतो आणि १२ टोपल्या उरतात. आकडे तेवढे चढवले. वधस्तंभाचा प्रसंग तर जुन्या करारातल्या २२व्या स्तोत्रातून उचललाय. माना हलवणारे लोक तिथले, टोमणे तिथले, चिठ्ठ्या टाकून वाटलेली वस्त्रं तिथली, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' ही पहिलीच ओळ. शिष्य तर आदल्या रात्रीच पळाले होते, मग हे सगळं टिपून कोणी घेतलं?

आणि गाढवं एकट्या मत्तयाची नाहीत. स्तोत्रात 'माझी वस्त्रे वाटून घेतात, माझ्या कपड्यावर चिठ्ठ्या टाकतात' अशी एकच गोष्ट दोनदा आहे. योहान तिचे दोन प्रसंग करतो: बाकीच्या वस्त्रांचे चार वाटे आणि बिनशिवणीच्या अंगरख्यासाठी वेगळी चिठ्ठी. म्हणजे ओळ आधी, घटना मागून. शिवाय येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या ३० रुप्यांचा उतारा मत्तय यिर्मया संदेष्ट्याच्या नावावर खपवतो. तो बराचसा जखऱ्याचा आहे. पाठ करतानाही घाई.

मेणबत्ती :

तर्ककर्कश, त्याच २२व्या स्तोत्राची सोळावी ओवी उघडा. रूढ हिब्रू पाठात 'सिंहाप्रमाणे माझे हातपाय' असं तुटक काहीतरी आहे, पण ग्रीक भाषांतरात 'माझे हातपाय विंधले' असा अर्थ येतो. शुभवर्तमानकार ग्रीकच वाचत होते. स्तोत्र समोर ठेवून वधस्तंभ रचणाऱ्याने सगळ्यात आधी कोणती ओळ उचलली असती? हीच ना? सबंध नव्या करारात ती कोणीही उद्धृत केलेली नाही. एकदाही नाही.

दुसरं, मत्तय २:२३. त्याला 'नासोरी म्हणतील' असं संदेष्ट्यांनी सांगितलंय म्हणे. ही ओळ कुठल्याच संदेष्ट्याच्या पुस्तकात नाही. यशया संदेष्ट्याच्या ११व्या अध्यायातल्या 'नेत्झेर' म्हणजे अंकुर या शब्दावरचा तो श्लेष असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. ओळीवरून घटना रचायची तर निदान ओळ तरी हवी! इथे उलटं झालंय. माणूस नासरेथचा होता, ते गावाला ठाऊक होतं, नाकारता येत नव्हतं, म्हणून वचनाची शोधाशोध झाली. आधी माणूस, मग पोथी.

आणि गाढवांचं म्हणाल तर ज्याच्या घरी जनावर असतं त्याला विचारा. ज्यावर कोणी कधी बसलं नाही असं शिंगरू गर्दीतून न्यायचं तर त्याची आई बरोबर न्यावीच लागते. दुसऱ्या 'त्यांच्यावर'चा अर्थ 'वस्त्रांवर' असाही लागतो.

एक पाचूबंदर यांनाही. भाकीत म्हटलं की तुम्हाला पंचांग आठवतं. मला यशया ७:१४ आठवतं, 'कुमारी गर्भवती होईल आणि पुत्र प्रसवेल'. तिथे काय आख्यान लावलंय?

तर्ककर्कश :

नासरेथचा मुद्दा मान्य, चांगला आहे. सोळाव्या ओवीचा मला माहीतच नव्हता, आत्ता उघडून पाहिला. पण मग बेथलेहेमचं काय? मत्तयाकडे मरिया-योसेफ बेथलेहेमात घरातच राहतात, नासरेथला नंतर जातात. लूककडे ते नासरेथचे आणि शिरगणतीसाठी बेथलेहेमला येतात. दोघांना काहीही करून त्याच गावी पोचायचंय, कारण मीखा संदेष्ट्याने ते नाव घेऊन ठेवलंय. माणूस नासरेथचा खरा, जन्मगाव पोथीचं. अर्धं तुमचं, अर्धं माझं.

शनवारतेली :

इस्राएलमधल्या अश्दोदहून लिहितोय, आम्ही कोकणातले ज्यू. आजोबा अलिबागेजवळच्या नवगावचे, घरात अजून मराठी चालते, तेव्हा चुका माफ.

मेणबत्तीताई, यशया ७ मधली एकच ओवी कापून घेऊ नका, अख्खा अध्याय वाचा. साल साधारण इ.स.पू. ७३५. अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह हे दोन राजे यरुशलेमवर चालून आलेत आणि आहाज राजा घाबरलाय. संदेष्टा त्याला खूण देतो: ही तरुणी, हिला मूल होईल, त्या मुलाला बरंवाईट कळायच्या आत या दोघांचे देश ओस पडतील. सातशे वर्षांनंतर जन्मणारं मूल आहाजच्या काय कामाचं? मूळ शब्द 'अल्मा', म्हणजे तरुण मुलगी. कौमार्यावर बोट ठेवायचं असतं तर 'बेतुला' जवळचा होता. ग्रीक भाषांतरकारांनी 'पार्थेनॉस' लिहिलं आणि मत्तयाने ते घेतलं. पण याच ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ३४ मध्ये याकोबाच्या मुलीवर, दीनेवर, बळजबरी झाल्यानंतरही तिला पार्थेनॉसच म्हटलंय. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती जस्टिन आणि ज्यू त्रिफो याच शब्दावरून भांडले. १९५२ मध्ये अमेरिकेत एका सुधारित इंग्रजी बायबलने 'तरुणी' छापलं तर एका पाळकाने ते पान जाळलं. तेव्हा आपण काही नवं भांडत नाही आहोत.

आता धागाकर्त्याला. निष्कर्षाशी सहमत, कारणाशी नाही. एकच गोष्ट दोनदा सांगणं ही हिब्रू काव्याची रीत आहे, हा सिद्धांत रॉबर्ट लाउथ नावाच्या इंग्रजाने १७५३ मध्ये मांडला. आमच्या जुन्या रब्बींची धारणा वेगळी: तोरेत (ज्यूंच्या शास्त्रात) एक अक्षरही फुकट नाही. ओळीचे दोन भाग असतील तर दोन्हींचा वेगळा अर्थ निघालाच पाहिजे. मिद्राश, म्हणजे रब्बींची शास्त्रावरची टीका, उघडलंत तर पानोपानी हेच. म्हणजे दोन गाढवं केली म्हणून मत्तय हिब्रू न कळणारा ठरत नाही, उलट तो पक्का आमच्यातला वाटतो. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूक संदेष्ट्यावरची टीका आहे. तीही प्रत्येक ओवी आपल्या काळावर, आपल्या 'नीतिमत्तेच्या गुरू'वर लावते. पद्धत तीच, गुरू वेगळा.

माझी तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे. यरुशलेमचं मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं, त्यानंतर दहा-वीस वर्षांत मत्तयाने लिहिलं, पोथीवर हक्क कोणाचा म्हणून भाऊबंदकी चालू असताना. भाऊबंदकीत माणूस वाट्टेल ते बोलतो. 'त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो' (२७:२५) हे वाक्य घरातल्या भांडणातलं. ते घराबाहेरच्यांच्या हाती पडलं आणि युरोपात त्यावर काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रोमच्या चर्चने हा आरोप सगळ्या ज्यूंवर लादू नये असं अधिकृतपणे म्हटलं ते १९६५ मध्ये. कोकणात माझ्या पणजोबांना हे कोणी ऐकवलं नाही. लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे, कारण शनिवारी तेलाचा घाणा बंद. बस.

पाचूबंदर :

लाउथचा मुद्दा सणसणीत, कारण बदलून घेतो. तक्रारही मान्य, त्यावर माझ्याकडे वकिली नाही. एवढंच म्हणतो की पोथी टाकून द्यायचा पर्यायही चर्चपुढे होता. इ.स. १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाचा माणूस म्हणाला, ज्यूंची शास्त्रं नकोत, त्यांचा देवही वेगळा. त्याने लूकची कापलेली आवृत्ती आणि पौलाची पत्रं एवढंच ठेवलं. चर्चने त्यालाच बाहेर काढलं. त्याचं ऐकलं असतं तर मत्तयच हाती उरला नसता.

अवांतर : गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापलं, त्यातही 'पहिले पुराण' जुन्या कराराचं. पण त्याने पुराणाचा साचा इथल्या मातीतून घेतला. मत्तयाचा साचा त्याच्या स्वतःच्याच घरातला होता.

मेणबत्ती :

आहाजचं वाचलं. माझा विश्वास हलला नाही, पण ती ओवी आता पूर्वीसारखी वाचता येणार नाही हे खरं. आहाजसाठी एक अर्थ आणि पुढच्यांसाठी दुसरा, असं का नसावं? एका ओळीचे दोन अर्थ काढायची मुभा रब्बींना देता, मग मत्तयाच्या वाचकांना का नाही?

शनवारतेली :

मुभा आहेच. अर्थ कोणाचाही बंद करायचा नाही, फक्त आमचा पुसायचा नाही.

जखऱ्याच्या गाढवाने आमच्याकडेही कमी छळलेलं नाही. संदेष्टा दानीएल म्हणतो मशीहा (येणारा तारणारा राजा) ढगांवरून येणार, जखऱ्या म्हणतो गाढवावरून. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी यहोशुआ बेन लेवी तोड काढतो: लोक लायक असले तर ढगांवरून येईल, नसले तर गाढवावरून. तिथेच इराणचा शापूर राजा शमुएल नावाच्या रब्बीला टोमणा मारतो, 'तुमचा मशीहा गाढवावर येणार म्हणता, मी माझा चांगला घोडा पाठवतो.' शमुएल विचारतो, 'तुझ्याकडे शंभर रंगांचा घोडा आहे का?'